निवृत्तीपूर्वीचे वादळ

उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात पुत्रप्राप्तीचे वचन ऐकून सारा हसते. त्या हसण्यामागचे कारण सांगताना पवित्र लेखकाने तिची मासिक पाळी थांबल्याचीही नोंद निःसंकोचपणे केली आहे. जो विषय सांगताना पवित्र शास्त्राला लाज वाटली नाही, त्याविषयी आपली घरे मात्र मौन पाळतात, याचे मला नवल वाटते.

घरभेटींसाठी धर्मग्रामात फिरताना एक तक्रार वारंवार कानी पडते. “फादर, हल्ली हिला लगेच राग येतो,” असे पती सांगतो. “मम्मी रात्री नीट झोपतच नाही,” मुलगी पुस्ती जोडते. जिच्याविषयी हे बोलणे चालते, ती पन्नाशीकडे झुकलेली गृहिणी पदराने मान पुसत निमूटपणे चहा करायला आत जाते. मी वैद्य नव्हे. तथापि तिच्या स्वभावात खोट शोधण्यापूर्वी तिच्या शरीरात काय घडते आहे हे जाणून घेणे, हा साधा न्याय आहे असे मला वाटते.

आपण या अवस्थेला ‘रजोनिवृत्ती’ म्हणतो. निवृत्ती म्हटले की ठरलेल्या दिवशी हार-नारळ स्वीकारून कचेरीबाहेर पडणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. शरीराचा कारभार असा तारखेबरहुकूम चालत नाही. सलग १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे त्यापूर्वीची पाळी शेवटची होती असे मागाहून ठरते. भारतीय स्त्रियांत हे वय सरासरी ४६-४७, तर पाश्चात्त्य देशांत सुमारे ५१ आढळते. खरी उलथापालथ मात्र त्याआधीच काही वर्षे सुरू झालेली असते.

मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या अंडाशयांत सुमारे १० ते २० लाख बीजे असतात. त्यांत पुढे भर पडत नाही. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. त्यांतली चारशे-पाचशेच पक्व होऊन बाहेर पडतात, बाकीची जिरून जातात. साठा सरत आला की अंडाशयांतून निघणारे इनहिबिन हे संप्रेरक घटते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवरचा लगाम त्यामुळे सैल होतो आणि बीज पक्व करणारे एफ.एस.एच. हे संप्रेरक ती अधिकाधिक सोडू लागते. ज्या महिन्यात बीज बाहेर पडत नाही, त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन जवळजवळ तयारच होत नाही. पाळी कधी लांबते, कधी अतोनात जाते, ती यामुळेच.

इस्ट्रोजेनविषयी आपली समजूत अशी, की दिव्यातल्या तेलासारखे ते हळूहळू ओसरते. वास्तविक ते हेलकावे खाते. एखाद्या महिन्यात ते तरुणपणीपेक्षाही जास्त असते, तर पुढच्याच महिन्यात एकदम घसरते. त्याची मोठी घट शेवटच्या पाळीच्या आसपासच्या दोन-तीन वर्षांत होते. त्यानंतर ते खालच्या पातळीवर स्थिरावते, एफ.एस.एच. मात्र चढेच राहते. पुढे शरीरातील मेदपेशी इस्ट्रोन हे सौम्य इस्ट्रोजेन थोडे थोडे बनवीत राहतात. पातळी अशी रोज बदलत असल्यामुळे एकाच रक्ततपासणीवरून निष्कर्ष निघत नाही. पंचेचाळिशीनंतर डॉक्टर बहुधा स्त्रीच्या सांगण्यावरूनच निदान करतात.

या हेलकाव्यांचा मेंदूतील उष्णतेचे नियमन करणाऱ्या केंद्रावर परिणाम होतो. अंगातून अचानक वाफा निघतात, घाम फुटतो, झोप मोडते. रात्र जागून काढलेल्या व्यक्तीचा सकाळी तोल गेला, तर तो सर्वस्वी स्वभावदोष कसा म्हणावा? कित्येकींना हा त्रास वर्षानुवर्षे सोसावा लागतो. काहींना तो जाणवतही नाही. त्यामुळे ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ हे सासूबाईंचे मोजमाप सुनेला लावता येत नाही.

दोन गोष्टी कुटुंबीयांनी आवर्जून ध्यानात ठेवाव्यात. पाळी अनियमित झाली तरी पूर्ण थांबेपर्यंत गर्भधारणा संभवते. म्हणून केवळ दिवस मोजून विसंबणाऱ्या दांपत्यांनी सावध असावे. दुसरे म्हणजे, वर्षभर थांबलेला रक्तस्राव पुन्हा दिसला, तर ‘पाळी परत आली’ असे म्हणून तो अंगावर काढू नये. पुष्कळदा कारण किरकोळ असते. परंतु कधी कधी ती गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूण असते, आणि ती वेळीच ओळखली तर प्राण वाचू शकतात. इस्ट्रोजेन घटल्यावर हाडेही झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात, याचीही आठवण ठेवावी.

या त्रासावर आज औषधोपचार उपलब्ध आहेत. कोणाला कोणते मानवतील हे डॉक्टरांनी ठरवावे. पण तिला त्यांच्याकडे न्यायचे कोणी? लग्नाच्या वेदीसमोर सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात साथ देण्याचे वचन ज्याने दिले, त्यानेच. तपासणीच्या दिवशी त्याने अर्धा दिवस रजा घ्यावी, तिच्याबरोबर बाकावर बसावे आणि डॉक्टर काय सांगतात ते दोघांनी मिळून ऐकावे. घरातले मौन तिथेच पहिल्यांदा मोडेल.