नाताळच्या आठवड्यातील लासलगाव

नाशिक क्षेत्री येणारा यात्रेकरू गोदास्नान करतो, काळारामाचे दर्शन घेतो, त्र्यंबकेश्वरी जाऊन येतो आणि घरची वाट धरतो. त्याच जिल्ह्यात, आगगाडीने पूर्वेस तास-दीड तासाच्या अंतरावर, असे एक गाव आहे की ज्याचे स्थलमाहात्म्य कोणत्याही पुराणात सापडावयाचे नाही. तथापि आपल्या स्वयंपाकघरातील फोडणीशी त्याचा जितका निकटचा संबंध आहे तितका क्वचितच दुसऱ्या गावाचा असेल. ते गाव म्हणजे निफाड तालुक्यातील लासलगाव. कांद्याची पेठ म्हणून त्याचा लौकिक साऱ्या आशिया खंडात आहे. हे गाव पाहावयाचे तर कोणत्या दिवसांत, असे मला कोणी विचारले, तर मी नाताळचा आठवडा सांगेन. ख्रिस्ती सणाचा आणि या शेतकऱ्यांच्या गावाचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचेच उत्तर या लेखात देण्याचा विचार आहे.

नाशिकरोडहून मनमाडकडे जाणारी गाडी धरावी. ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे अशी एकामागून एक स्टेशने मागे पडतात. डिसेंबरअखेर या भागात थंडी अशी की, वर्तमानपत्रांत राज्यातील नीचांकी तापमानाची बातमी आली की निफाडचे नाव त्यात बहुधा असावयाचेच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला याची चर्चा डब्यातसुद्धा चालते. हवा गव्हास मानवते, द्राक्षास मानवत नाही. म्हणून पहाटे बागांतून शेकोट्या पेटवून धूर केलेला दिसतो. निफाड हे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे जन्मस्थान. १८४२ सालच्या जानेवारीत, अशाच थंडीच्या दिवसांत, त्यांचा जन्म येथे झाला. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूरमध्यमेश्वरचा जलाशयही याच तालुक्यातला. दूर उत्तरेकडील पक्षी हिवाळ्यात तेथे उतरतात, आणि २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मान त्यास मिळाला. निफाडनंतर उगाव, आणि उगावनंतर लासलगाव. स्टेशनात उतरताच वारा दिशा सांगतो. पेठेची वाट कोणास विचारावी लागत नाही.

गाव मूळचे विंचूरकरांच्या मुलखातले. विठ्ठल शिवदेव विंचूरकर हे पेशवाईतील नामांकित सरदार. त्यांचे विंचूर येथून अगदी जवळ. पण पेठ वाढली ती लोहमार्गामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मुंबईहून भुसावळकडे रूळ गेले आणि गाडीवाटेवरील या गावास मुंबईचे दार उघडले. व्यापारानिमित्त मारवाडी, गुजराती, जैन कुटुंबे येऊन राहिली व येथलीच होऊन गेली. १ एप्रिल १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या साडेचार महिने आधी, येथील बाजार समिती स्थापन झाली. शेतकऱ्याचा माल उघड बोलीने विकला जावा, वजनमाप चोख असावे आणि पैसे वेळेवर मिळावेत, हा अशा संस्थांचा हेतू. हेतू किती सफळ झाला याविषयी मतभेद पुष्कळ आहेत. परंतु हातरुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याच्या जुन्या चालीपेक्षा चारचौघांत मोठ्याने पुकारलेला भाव केव्हाही बरा, हे कोणीही मान्य करील.

लिलाव पाहण्यासारखा असतो. निफाड, येवला, चांदवड या तालुक्यांतून, आणि त्यांपलीकडूनही, ट्रॅक्टर पहाटेपासून येऊन रांगेने उभे राहतात. ट्रॉलीत मोकळा कांदा; त्यावर शाल गुंडाळून बसलेला शेतकरी, बहुधा शेजारी त्याचा मुलगा. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपासून दुसरीकडे सरकतो. कोणी दोन कांदे हातात घेऊन दाबून पाहतो, कोणी ट्रॉलीत खोल हात घालून तळाचा माल वर काढतो. बोली क्विंटलमागे. चढाओढ मिनिटा-दोन मिनिटांची. तेवढ्यात चार महिन्यांच्या कष्टांचे मोल ठरते. भाव ठरला की गाडी काट्यावर जाते, तेथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर. तेथे बायका मालाची निवड करतात: मोठा कांदा निराळा, लहान ‘गोल्टी’ निराळी, डागी माल निराळा. मग गोण्या भरल्या जातात. शेतकऱ्याच्या हाती येते ती हिशेबपट्टी. २०१६ सालच्या नोटाबंदीनंतर रोख रकमेची रीत मागे पडून धनादेश व बँकखाते यांचा रिवाज पडला. त्यामुळे बँकेची सुटी केव्हा आहे याकडे आता शेतकऱ्याचेही लक्ष असते. अमावास्येचा खाडा पूर्वापार सर्वांस ठाऊक होता. नाताळची सुटी अशी पंचांगाच्या बाहेरून येऊन त्याच्या हिशेबात बसली.

आता कांद्याविषयी दोन शब्द. आपल्या धर्मशास्त्राने पलांडूस चांगलेसे स्थान दिलेले नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तो लसणीच्या पंक्तीस बसून निषिद्ध ठरला आहे. पण शास्त्राची आज्ञा आणि जिभेची ओढ यांत आपल्या घरांनी फार पूर्वीच तडजोड करून ठेविली. आषाढ शुद्ध नवमीस कांदेनवमी साजरी करून चातुर्मासापुरता त्याचा निरोप घ्यावयाचा आणि चंपाषष्ठीस खंडोबाला वांग्याच्या भरिताचा नैवेद्य दाखवून पुन्हा तो घरात आणावयाचा, ही आपली चाल. या चालीत शेतीचे शहाणपण किती आहे ते लासलगावास ध्यानात येते. मार्गशीर्षात जो नवा लाल कांदा पेठेत येतो त्याचाच हा काळ. पावसाळ्यात लावलेला, पातळ सालीचा, पाणीदार, तिखट असा हा कांदा. चैत्र-वैशाखात निघणारा उन्हाळ कांदा चाळीत घातला तर चार-सहा महिने टिकतो. लाल कांद्याचे तसे नाही. तो काढला की विकावाच लागतो. पुढच्या साऱ्या कथेची किल्ली या एका गुणात आहे, म्हणून वाचकांनी ती लक्षात ठेवावी.

आणि नेमक्या याच दिवसांत नाताळ येतो. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्या भाषेत आणून सोडला. त्याचे मूळ जन्मवाचक लॅटिन शब्दात असून तो आपल्या संस्कृत ‘जात’ शब्दाचा दूरचा आप्त आहे. लासलगावासारख्या गावी हा सण कोणी थाटाने करीत असेल असे नव्हे. ख्रिस्ती मंडळी या बाजूस थोडकीच. तरीही बेकरीच्या काचेआड केक मांडलेले दिसतात, किराणा दुकानाच्या तावदानावर कागदी तारा लटकतो, आणि इंग्रजी शाळेतील पोरे कापसाची दाढी लावून हिंडतात. त्याच सुमारास घरोघर धनुर्मासाची खिचडी-बाजरीची भाकरी चालू असते, दत्तजयंतीचे पारायण बसलेले असते. एका घरातला नातू तांबडी टोपी घालून येतो आणि आजोबा गुरुचरित्राची पोथी मिटून त्यास प्रसाद देतात. दोघांपैकी कोणालाही त्यात विसंगती वाटत नाही. मला तर हे दृश्य फार प्रसन्न वाटते.

नाशिक जिल्ह्याचा ख्रिस्ती धर्माशी असलेला संबंध मात्र दुकानातल्या ताऱ्याहून पुष्कळ जुना आहे. नाशिकात ‘शरणपूर रोड’ हे नाव रोज हजारो लोक उच्चारतात. पण शरणपूर हे १८५४ च्या सुमारास पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस यांनी वसविलेले मिशनचे गाव, हे थोड्यांसच ठाऊक असते. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना तेथे आश्रय, शिक्षण व कसब मिळाले. त्यांपैकीच जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारल्यावर त्यांच्या देहासह तो इंग्लंडपर्यंत गेला आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमधील अंत्यविधीत सहभागी झाला. ज्या मुलास गुलाम म्हणून विकावयाचे होते तो नाशकात शिकला आणि त्या सोहळ्यास उभा राहिला! आपल्या समाजास अधिक जवळचे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले तेव्हा घरात केवढा आकांत झाला, ते नाशिकजवळच्या जलालपूरच्या लेकीने, लक्ष्मीबाईंनी, ‘स्मृतिचित्रे’त सांगितले आहे. धर्म बदलला, पण टिळकांनी कीर्तन सोडले नाही, लक्ष्मीबाईंनी मराठी माहेरपण सोडले नाही. आज दोघेही आपल्या वाङ्मयाचे मानकरी आहेत.

परंतु लासलगावचा नाताळाशी खरा संबंध आहे तो कांद्याच्या वाटेने. गोव्याच्या घरात सणासाठी जे जे शिजते त्यात कांद्यावाचून चालत नाही. केरळातही तीच गत. आखाती देशांत नोकरीस गेलेले मल्याळी, गोवेकर, मंगळुरी यांचा सणही याच दिवसांत. नाशिकचा कांदा या सर्व वाटांनी जातो; शिवाय बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया ही गिऱ्हाइके आहेतच. याप्रमाणे लासलगावात येशूच्या जन्माचा उत्सव होवो न होवो, दूरदेशी तो होण्यास लासलगाव हातभार लावीत असते.

आणि म्हणूनच डिसेंबरात निर्यातीविषयी जी आज्ञा सुटते ती या गावाच्या थेट चुलीपर्यंत पोहोचते. इतिहास पाहावा. २०१० साली अवकाळी पावसाने पीक नासले, शहरांत भाव कडाडले आणि नाताळच्या तोंडावर निर्यात बंद झाली. २०१८ च्या नोव्हेंबरअखेर उलट प्रकार: निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने ७५० किलो कांदा विकला, हाती आले १०६४ रुपये, त्याने ते मनिऑर्डरने थेट पंतप्रधानांकडे पाठवून दिले. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या डिसेंबरात, भाव क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेला. निर्यात सप्टेंबरपासून बंदच होती, आणि इजिप्त व तुर्कस्तानचा कांदा मागविण्याची पाळी आली. २०२० साली सप्टेंबरात घातलेली बंदी उठल्याची वार्ता आली २८ डिसेंबरास, दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी. २०२३ साली ८ डिसेंबरास पुन्हा निर्यातबंदी झाली. लिलाव थांबले, महामार्गावर शेतकरी बसले. पंधरवड्यात भाव जवळजवळ निम्म्यावर आला. त्या वर्षी चंपाषष्ठी १८ डिसेंबरास, नाताळ सोमवारी आणि दत्तजयंती दुसऱ्याच दिवशी अशी सणांची रांग लागली होती; पण ज्याच्या ट्रॉलीस भाव नाही त्यास सण कोठला? बंदी उठली ती ४ मे २०२४ रोजी, तीही किमान भाव आणि ४० टक्के शुल्क यांच्या अटीवर. शुल्क पूर्ण गेले १ एप्रिल २०२५ पासून. पण तोवर त्या डिसेंबरातला लाल कांदा केव्हाच संपला होता.

येथे मघाची किल्ली लावून पाहावी. मे महिन्यात बंदी आली तर उन्हाळ कांद्याचा धनी चाळ बंद करून वाट पाहू शकतो. डिसेंबरात त्याचा लाल कांदा वाट पाहत नाही. आज्ञा तीच, पण एका ऋतूत ती गैरसोय आणि दुसऱ्यात नुकसान. यावर विज्ञानाने उपाय शोधला नाही असे नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली लासलगावातच ‘कृषक’ नावाचे विकिरण केंद्र उभारले. कांद्यास मोड येऊ नयेत हा हेतू. नवल असे की, त्याची कीर्ती झाली ती आंब्यामुळे. २००७ साली अमेरिकेस गेलेला हापूस येथूनच किरणस्नान करून गेला. कांद्यासारख्या स्वस्त मालास तो खर्च व ती ने-आण सहजी परवडत नाही.

शहरातील गृहस्थाची बाजूही पाहिली पाहिजे. ज्याच्या पगारास मर्यादा आहे व घरात पानावर दहा-बारा माणसे बसतात, त्यास कांदा शंभर रुपये किलो झाला म्हणजे चटका बसतो. हातावर पोट असणाऱ्या मजुराची तर भाकरीसोबतची एकमेव चव जाते. सरकारने त्याकडे पाहू नये असे कोण म्हणेल? परंतु भाव चढल्यावर जी तत्परता दिसते ती भाव कोसळल्यावरही दिसावी, आणि नियम पेरणीपूर्वी कळावेत, काढणीनंतर नव्हे, एवढे मागणे काही जास्त नाही. शेतकऱ्यास भाव मिळाला की लासलगावच्या कापड दुकानात गर्दी होते, सोनाराची पेढी हालते, लेकीचे लग्न फाल्गुनात ठरते, शाळेची फी वेळेवर येते. भाव पडला की याच साऱ्यांचे तोंड उतरते. वाणी, हमाल, खळ्यावर कांदा निवडणारी बाई, बेकरीवाला या सर्वांची वर्षाची कुंडली त्या ट्रॉलीत असते.

तेव्हा वाचकांनी सुटीत नाशिकास जाणे झाल्यास एक दिवस या गावासाठी ठेवावा. मुलांना बरोबर न्यावे. भूगोलाच्या पुस्तकात जे दहा पानांत समजत नाही ते एका सकाळीत समजेल. दूरच्या कोणाचा सण, जवळच्या कोणाचे कष्ट आणि आपल्या घरची फोडणी ही एकाच दोऱ्यात कशी ओवली आहेत हे त्यांनी लहानपणीच पाहिलेले बरे. मग घरातली सून बाजारातून कांदा आणून ‘महाग झाला’ किंवा ‘स्वस्त मिळाला’ म्हणेल, तेव्हा त्या दोन्ही शब्दांच्या पलीकडे एक माणूस उभा आहे, याची आठवण त्यांना राहील.