चढाचा हिशेब

माथेरानात प्रत्येक वस्तूच्या किमतीत चढ धरलेला असतो. सिमेंटची गोणी, गॅसचा सिलिंडर, कांद्याचं पोतं, हॉटेलवाल्याची नवी गादी, सगळं दस्तुरी नाक्यापर्यंत गाडीने येतं आणि तिथून पुढे कुणाच्या तरी अंगावर. घोड्याच्या, नाहीतर माणसाच्या. गावात मोटारींना बंदी, याचं पाहुण्यांना भारी कौतुक. ते खोटं नाही. सकाळी लवकर बाजारात उभं राहिलं तर टापा ऐकू येतात आणि पत्र्यांवर माकडांच्या उड्या, बाकी काही नाही. पण त्या शांततेचं बिल कोण भरतं, ते लाल मातीतून वजन ओढणाऱ्यांना विचारावं.

आमचे आप्पा हातरिक्षा ओढायचे. पुढे एक, मागे दोघं, मध्ये बसलेले पाहुणे. चढावर मागच्यांचा दम निघतो आणि उतारावर पुढच्याचा; कारण उतारावर रिक्षा ओढायची नसते, अडवायची असते. गुडघे उतारावर जातात, असं आप्पा म्हणतात. माझी शाळा, क्लास, पॉलिटेक्निकची फी, सगळं त्या रिक्षातून आलं.

इलेक्ट्रिकल डिप्लोमाचं दुसरं वर्ष संपल्यावर सहा आठवडे कंपनीत ट्रेनिंग होतं. वर्गातली पोरं तळोजा, खोपोली, रबाळे अशी पांगली. मला भिवपुरीचं पॉवर हाऊस मिळालं, टाटांचं. बाजारात लगेच झालं, ‘पोरगी टाटात लागली.’ लागले कुठली, शिकायला निघाले होते. पण आईने कुणाला दुरुस्त केलं नाही, आणि मीही नाही.

भिवपुरीच्या नावाने नवखा माणूस हमखास फसतो. लोकलचं भिवपुरी रोड स्टेशन नेरळ आणि कर्जतच्या मध्ये, आणि पॉवर हाऊस कर्जतच्याही पलीकडे, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. मी कर्जतला मावशीकडे राहिले. गेटवर नाव लिहायचं, पास दाखवायचा, हेल्मेट घालायचं. सेफ्टी शूज मी रविवारी घरी घालून पाहिले होते, त्यांच्या शिवणीत आमची माती बसली होती. वॉचमनने बुटांकडे पाहिलं आणि विचारलं, “माथेरान का?” ओळखपत्र त्याने नंतर पाहिलं.

आत गेल्यावर आधी जाणवतो तो आवाज. कानात शिरत नाही, पायातून वर चढतो. शिफ्टमधल्या जुन्या ऑपरेटरांना सगळे काका म्हणत. दर तासाला बेअरिंगचं टेंपरेचर, प्रेशर, लोड लॉगशीटवर उतरवायचं काम त्यांनी मला दिलं आणि एकच गोष्ट बजावली, “आधी आवाज ऐक, मग मीटर बघ. मीटर उशिरा सांगतो.” पहिल्या आठवड्यात मला सगळे आवाज सारखेच वाटत होते. नंतर लोड वाढलेला कळू लागला, निदान तसा मला भास होऊ लागला.

गोष्ट तशी साधी आहे. डोंगरावर, मावळात, आंध्रा नदी अडवून ठोकरवाडीचा तलाव केला. पाणी बोगद्यातून कड्यापाशी आणलं आणि लोखंडी पाइपांतून जवळपास पाचशे मीटर खाली सोडलं. खाली चाक. ही वीज 1922 पासून निघते आहे. त्याआधी 1915 मध्ये खोपोलीचं पॉवर हाऊस सुरू झालं होतं. मुंबईच्या गिरण्यांचा कोळशाचा धूर हटवायचा, हे जमशेटजी टाटांचं स्वप्न, आणि ते पुरं झालं त्यांच्या मागे. गिरण्यांना वीज मिळाली, त्यानंतर कितीतरी दशकं या डोंगरातल्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांत चिमण्याच जळत होत्या. आणि मुळशीला पुढचं धरण बांधायला घेतलं तेव्हा जमिनी बुडणारे मावळे सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला बसले, 1921 साली. हा भाग ट्रेनिंगच्या डायरीत लिहायचा नसतो. मी इथे लिहिते आहे.

पाण्याचा मूळ रस्ता मी नकाशावर बोट फिरवून पाहिला. आंध्रेचं पाणी इंद्रायणीला मिळायचं, म्हणजे आळंदी. तिथून भीमेला, म्हणजे पंढरपूर. मग कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात. वारीच्या वाटेने निघालेलं पाणी माणसांनी कड्यावर अडवलं आणि कोकणात उतरवलं. चाकावरून सुटलं की ते उल्हास नदीला लागतं आणि बदलापूर, अंबरनाथ, कल्याणच्या नळांना जातं.

एक जुनं चाक काढून ठेवलेलं होतं. पेल्टन व्हील पुस्तकात पाहिलं होतं, चित्रात ते किरकोळ दिसतं. घेरावर ओळीने बकेटा, प्रत्येक बकेट म्हणजे शेजारी शेजारी धरलेल्या दोन ओंजळी आणि त्यांच्या मध्ये धार लावल्यासारखी उभी कड. नोझलमधून येणारा फवारा बरोबर त्या कडेवर आदळतो, दुभंगतो, दोन्ही ओंजळींतून उलटा फिरतो आणि निघताना आपला सगळा वेग तिथेच टाकून जातो. पाचशे मीटरवरून आलेल्या पाण्याचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात. मी बकेटीच्या आतून हात फिरवला. वरून गुळगुळीत दिसणारं पोलाद आत बारीक बारीक टोचलेलं होतं. पाण्यातल्या वाळूने खाल्लेलं. वेल्डिंगने भरून परत घासायचं, वर्षानुवर्षं हेच. काकांनी एका बकेटीवर टिचकी मारून दाखवली, मग दुसरीवर. दुसरीचा आवाज किंचित बसका होता. “ही भरलेली आहे,” ते म्हणाले.

संध्याकाळी मुंबईचे दिवे लागायच्या वेळेला फोन येतो, लोड वाढवा. कोळशाच्या केंद्राला थंड पडल्यावर उठायला तास लागतात, इथे नोझल उघडलं की काही मिनिटांत काम होतं. उंचीवर पाणी ठेवायचं आणि हवं तेव्हा सोडायचं. उंची साठवता येते, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. आमच्याकडे तर ती फक्त चढायची असते.

मग डायरीच्या शेवटच्या पानावर मी एक गणित मांडलं, कुणी सांगितलं नव्हतं. पन्नास किलोची गोणी नेरळहून माथेरानला, उभी उंची साधारण साडेसातशे मीटर. वस्तुमान गुणिले नऊ पूर्णांक आठ गुणिले उंची. उत्तर आलं एका युनिटचा दहावा हिस्सा. तीनदा करून पाहिलं. रुपयाच्या आतली वीज! आणि तिकडे एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर उतरलं की गळती-घर्षण वजा जाता सव्वा युनिटच्या आसपास वीज देऊन जातं. म्हणजे घरावरच्या काळ्या सिंटेक्सच्या एका टाकीत डझनभर गोण्यांचा चढ भरलेला.

हे आप्पांना सांगावं की नाही, कळेना. रविवारी जेवताना शेवटी सांगितलंच. त्यांनी भाकरी मोडता मोडता नीट ऐकून घेतलं.

“मग ते युनिट मध्ये दम खायला थांबतं का?”

“नाही.”

“पाऊस असला तरी चढतं?”

“चढतं, आप्पा.”

“मग बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले आणि आईकडे कालवण मागितलं.

या नोकरीची, म्हणजे नसलेल्या नोकरीची, गावात चर्चा झाली तेव्हा शेजारचे एक आजोबा हसून म्हणाले होते, “कोतवालांच्या गावची पोरगी आणि मनोरे सांभाळायला चालली!” भाई कोतवाल आमचे. 1912 साली माथेरानात जन्मले, वकील झाले, इथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले आणि बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता घेऊन डोंगरात गेले. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे त्यांच्या माणसांनी रात्री करवतीने कापून पाडले, युद्धाचं उत्पादन थांबावं म्हणून. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. शाळेत दर वर्षी भाषणात हे सगळं असायचं आणि मनोरा हा शब्द मी तेव्हा किल्ल्यासारखं काहीतरी समजून ऐकायचे. आता मनोऱ्याचे पाय, त्याचे कोन, त्याला पेलावा लागणारा तारांचा ताण मी वहीत उतरवला होता. करवतीने तो कापायला किती वेळ लागला असेल, हा प्रश्न व्हायव्हात कुणी विचारला नाही.

जूनमध्ये पाऊस लागला. नेरळहून अमन लॉजपर्यंतची आमची छोटी आगगाडी नेहमीसारखी पावसाळ्यापुरती बंद झाली. अब्दुल हुसेन पीरभॉयने 1907 मध्ये ती डोंगरावर चढवली, तीही वाफेवर, म्हणजे पुन्हा पाणीच. मी दस्तुरीवरून घरी चालत निघाले की पाइपलाइन दिसायची. शार्लोट तलाव गावाला पुरत नाही, म्हणून उल्हास नदीचं पाणी नेरळहून पंपाने टप्प्याटप्प्याने वर चढवतात. तोच उल्हास, ज्यात भिवपुरीचं चाक फिरवून झालेलं पाणी येतं. मावळातून उतरताना त्याने वीज दिली, माथेरान चढताना वीज खाल्ली, आणि आईच्या हंड्यात येऊन पडलं. आई म्हणाली, गढूळ आहे, तुरटी फिरव.

2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, माणसाने माणसाला ओढणं हे माणुसकीला धरून नाही म्हणून. ई-रिक्षा त्याआधी, 2022 च्या डिसेंबरपासून, गावाने चालवून पाहिल्या होत्या. काही घोडेवाल्यांना ते आवडलं नाही, त्यांचीही पोटं आहेत. आप्पा मात्र एका मित्राच्या ई-रिक्षावर हात बसवायला जाऊ लागले. पहिल्या दिवशी परत आले ते कुरकुरतच. ब्रेक लागतो, पण पाय आपोआप जमिनीला रेटा द्यायला जातात म्हणे.

आता मला ते हिशेब विचारतात. एका चार्जला किती युनिट, बॅटरी किती वर्षं, चढावर जास्त खाते का. लाईट गेली की फोन येतो, “तुझ्या कंपनीला विचार, कधी येणार.” मी दर वेळी सांगते की आप्पा, ती वीज मुंबईला जाते, आपली वेगळ्या कंपनीची आणि माझं ट्रेनिंग संपलंय. ते म्हणतात, असू दे, ओळख तर झाली ना.