वडिलांचें तरंडें

नदीकांठीं गळ टाकून बसलेला मनुष्य वेळ फुकट दवडीत आहे, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या वडिलांस कोणी तसें म्हटलें, तर ते हंसून उत्तर देतात, "मी नुसता बसलों नाहीं, मी वाचतों आहें." त्यांचें पुस्तक म्हणजे प्रवरेच्या पाण्यावर उभें राहिलेलें वीतभर लांबीचें तरंडें. त्याचें टोंक थरथरलें, तर बारीक मासळी आमिष कुरतडीत आहे. तें तिरकें होऊन चालूं लागलें, तर मोठा मासा आमिष घेऊन निघाला आहे. आणि तें एकाएकीं वर आलें, तर माशानें तळाचें वजनच उचललें आहे. हीं अक्षरें आम्ही वयाच्या आठव्या वर्षीं त्यांच्याजवळ बसून शिकलों.

तरंडें विकत आणूं नये, घरींच करावें, असा त्यांचा नियम. साहित्य अगदीं साधें असतें. ज्या भेंडाचीं बाशिंगें करितात, त्या भेंडाचा दोन पेरांएवढा तुकडा घ्यावा व तासून, कांचकागदानें घांसून त्यास गाजराचा आकार द्यावा. मधून खराट्याची काडी आरपार घालून ती लाखेनें पक्की करावी. खालीं तारेची बारीक कडी व वर सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबची चकती बसविली, म्हणजे दोरा सरकवून खोली कमी-अधिक करितां येते. भेंड पाणी शोषून घेतें. यासाठीं त्यास व्हार्निशचे तीन हात द्यावेत आणि प्रत्येक हात पुरा वाळूं द्यावा. येथें घाई केली, कीं तासाभरांत तरंडें जड होऊन बुडूं लागतें.

पाणी जसें, तसें तरंडें. १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणांतून आवर्तन सुटलें, कीं प्रवाहास टिकेल असें पोटाळ व अधिक वजनाचें तरंडें लागतें. संथ डोहांत सडपातळ पुरतें. वजन बादलीभर पाण्यांत पारखावें. केवळ अर्धें पेर टोंक पाण्याबाहेर राहीपर्यंत तें थोडेंथोडें वाढवीत जावें. पूर्वीं वडील यासाठीं शिशाच्या गोळ्या वापरीत. परंतु शिसें पाणपक्ष्यांच्या पोटांत गेलें तर विषासारखें बाधतें. याच कारणानें इंग्लंडांत १९८७ सालीं गळाच्या लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. हें समजल्यापासून आम्ही लोखंडी वायसर बांधतों.

गेल्या दोन वर्षांत वडिलांची दृष्टि मंदावली. एके दिवशीं ते म्हणाले, "आतां गळ माळ्यावर ठेव. अक्षर दिसत नाहीं." त्यानंतर ते नदीवर जाईनासे झाले. आम्हांस फार वाईट वाटलें. नाताळच्या सुटींत, त्यांस न विचारतां, आम्हीं एक नवें तरंडें तयार केलें. टोंकास काडीऐवजीं करंगळीएवढी जाड दांडी बसवून तीस चकचकीत तांबडा रंग दिला. मुलांनीं वाहवा केली व आम्हांसही अभिमान वाटला.

संध्याकाळीं वडिलांस घेऊन आम्ही नदीवर गेलों. सूर्य समोर होता. दीड तास तरंडें जागचें हललें नाहीं. परंतु गळ वर घ्यावा, तों आमिष नाहींसें झालेलें! तीनदां असेंच घडलें. अखेर वडील हळूच म्हणाले, "तरंडें देखणें आहे, बाळा, पण तें मुकें आहे."

वर्गांत आर्किमिडीजचा सिद्धांत शिकविणारे आम्ही, तो नदीकांठीं मात्र विसरलों होतों! दोन मिलिमीटर जाडीची काडी आणखी एक सेंटिमीटर बुडण्यास सुमारें ०.०३ ग्रॅम वजनाइतका जोर पुरतो. दहा मिलिमीटर जाडीच्या दांडीस सुमारें ०.८ ग्रॅम लागतो. व्यास पांचपट झाला, कीं छेदाचें क्षेत्रफळ पंचवीसपट होतें. माशाची चाहूल त्या जाडीनेंच गिळून टाकली होती.

जें प्रथम विचारावयाचें, तें आम्हीं शेवटीं विचारलें, "बाबा, तुम्हांला नेमकें काय दिसतें?"

ते म्हणाले, "जाडी नको रे. समोर पाणी चांदीसारखें चमकतें, त्यांत तांबडें विरून जातें. काळें कर. झाडाच्या सावलींत बसलों, तर पिवळें लाव. आणि काठी आंखूड दे, म्हणजे तरंडें जवळ राहील."

त्या रात्रीं पुन्हां खराटा शोधला. सडपातळ अशीं दोन तरंडीं केलीं. एकाचें टोंक काळें, दुसऱ्याचें पिवळें. दोन दिवसांनीं त्याच जागीं, त्याच वेळीं बसलों. चमकत्या पाण्यावर काळें टोंक किंचित् तिरकें झालें. आम्ही "बाबा" म्हणण्यापूर्वींच त्यांनीं काठी उचलली होती! मासा वीतभरच होता. परंतु त्यांच्या मुद्रेवरील आनंद केवढा तरी मोठा होता.

विद्यार्थिमित्रहो, वडील माणसांसाठीं कांहीं करावें, ही इच्छा चांगलीच. परंतु त्यांस काय हवें, हें आधीं त्यांनाच विचारीत जा. तें विचारण्यांत आमचा एक संबंध सायंकाळ वांचला असता.

गळाची काठी आतां माळ्यावर नसते; ती दाराआड, हाताशीं उभी असते.