रेट बघा की, वहिनी!

परदेशातून पैसे येणं कोल्हापूरला नवं नाही. शिरोलीची, गोकुळ शिरगावची कास्टिंगं बाहेर जातात आणि डॉलर, युरो इकडं येतात. पण इथून घरच्या माणसाला तिकडं पैसे पाठवायचे म्हटलं की भलेभले चाचपडतात. माझी लेक सप्टेंबर 2023 मध्ये एम.एस्सी.साठी लंडनला गेली आणि दर तीन महिन्यांनी हा प्रश्न आमच्या घरात उभा राहू लागला. तो सोडवला शेजारच्या अण्णांनी.

अण्णांची सगळी नोकरी एका फाउंड्रीच्या एक्स्पोर्ट विभागात गेली. निवृत्तीनंतरही सकाळचा पेपर हातात आला की आधी डॉलरचा भाव बघायचा आणि मग निधनवार्ता, हा त्यांचा नेम. मी तीन बँकांचे चार्जेस एका कागदावर लिहून त्यांच्याकडं गेले. सगळ्यात कमी आकड्याभोवती मी गोल केला होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"चार्जेस कसले बघताय? रेट बघा की, वहिनी!"

मग त्यांनी हिशेब मांडला. पौंडाचा बाजारभाव 102 रुपये धरू. एक बँक 500 रुपये चार्ज घेते आणि पौंड 104.50 ला देते. दुसरी 1000 घेते, पण पौंड 103 ला देते. हजार पौंडांना पहिलीकडं 3000 रुपये जादा जातात, दुसरीकडं 2000. 'स्वस्त' बँक हजार रुपयांनी महाग! चार्ज पावतीवर दिसतो. भावातला फरक कुठंच लिहिलेला नसतो. तेव्हापासून मी बँकेत एकच प्रश्न विचारते: तिच्या खात्यात हजार पौंड पडायला माझ्या खात्यातून एकूण किती जाणार?

'पडायला' हा शब्द अण्णांनी मुद्दाम घालायला लावला. पैसे वाटेत मधल्या बँकेतून जातात आणि तीही आपला हात मारते. फॉर्मवर खर्च कुणाचा, याचा रकाना असतो. तिथं 'ओयूआर' लिहिलं तर तो खर्च पाठवणाऱ्याकडून घेतात, 'एसएचए' लिहिलं तर वाटून. भाड्याची रक्कम दहा-पंधरा पौंडांनी कमी पोहोचली की परक्या गावात पोरीला घरमालकापुढं ओशाळावं लागतं. फाउंड्रीच्या बिलांत अशा कपातींवरून अण्णांनी आयुष्यभर पत्रव्यवहार केला होता.

त्यांचा मोठा उपकार मात्र ए-टू फॉर्मच्या वेळचा. पैसे कशासाठी जातात, त्याचा कोड त्यात भरावा लागतो. बँकेतला समोरचा माणूस घाईत होता. त्यानं 'कुटुंबाचा निर्वाह' सुचवलं. अण्णांनी पेन अडवलं. "शिक्षणाचा घाला. एस शून्य तीन शून्य पाच." 1 ऑक्टोबर 2023 पासून नियम बदलले होते. तेव्हा आर्थिक वर्षात सात लाखांच्या वर गेलेल्या रकमेवर शिक्षणासाठी 5 टक्के टीसीएस, म्हणजे बँकेनं आगाऊ घ्यायचा कर, लागे; मान्यताप्राप्त शैक्षणिक कर्जातून फी भरली तर अर्धा टक्का. निर्वाह किंवा भेट म्हणून पाठवलं तर थेट 20 टक्के लागत. हा कर रिटर्न भरताना वळता होतो, जास्तीचा परत मिळतो. पण तोवर आपलेच पैसे अडकून पडतात. सात लाखांची ती मर्यादा प्रत्येक पॅनला वेगळी होती, म्हणून फी ह्यांच्या खात्यातून आणि राहण्याजेवणाचा खर्च माझ्या, हेही त्यांनीच बसवून दिलं.

मधे एका ओळखीच्यांनी बिनखर्चाची वाट सांगितली. त्यांचा मुलगा लंडनला. तो लेकीला पौंड देईल, आम्ही इथं त्यांना रुपये द्यायचे. मला ते शेजारधर्मासारखंच वाटलं. अण्णा पहिल्यांदा चिडलेले दिसले. "म्हंजे हवालाच की ओ! फेमा कायद्यात बसत न्हाई ते."

एवढं करून घेतल्यावर काय द्यायचं, हे विचारायची मला चोरी झाली होती. अण्णांनीच एक मागणी केली. लंडनला किंग हेन्रीज रोडवर 10 नंबरचं घर आहे. 1921-22 मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथं राहत. महाराष्ट्र सरकारनं 2015 मध्ये ते विकत घेतलं. "पोरीला म्हणावं, तेवढं बघून ये."

मग त्यांनी कारण सांगितलं. बाबासाहेब 1920 मध्ये लंडनला गेले, त्या वर्षाच्या सुरुवातीला रुपयाला दोन शिलिंगांहून जास्त मिळत. पुढच्या वर्षी दीड शिलिंगही मिळेना. पैसे तेवढेच, पौंड कमी. सप्टेंबर 1921 मध्ये त्यांनी आपल्या शाहू महाराजांना पत्र लिहून 200 पौंड कर्जाऊ मागितले. आणि 1923 मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तो रुपयाच्याच प्रश्नावर. "बाबासाहेबांनाबी रेटनंच गाठलं होतं, वहिनी," अण्णा म्हणाले. लंडनच्या विद्यार्थ्याची ओढाताण आणि कोल्हापूरकडं केलेली मागणी, हे अण्णांना घरातल्या गोष्टीइतकं जवळचं होतं. माझ्या लेकीसाठी ते बँकेच्या रांगेत का उभे राहत, हे मला त्या दिवशी कळलं.

लेक ते घर बघून आली. व्हिडिओ कॉलवर अण्णांनी तिला खोल्यांपासून जिन्यापर्यंत सगळं विचारलं.

पुढं तिला नोकरी लागली आणि तिनं पहिल्या पगारातून मला पैसे पाठवले. मी पेढे घेऊन अण्णांकडं गेले. पेढा तोंडात टाकायच्या आधी त्यांनी विचारलं, "रेट किती मिळाला?"