घूंऽऽ!

मुलांनो, राजुरीच्या आमच्या घरी कॉम्प्युटर अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, की गाण्याआधी ‘घूंऽऽ’ सुरू! मी अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगमधली अर्थिंगची वायर सोडवली. आवाज बंद! मी खूश.

वायरमनमामा म्हणाले, “गुरुजी, आवाज गेला, पण राखणदारही गेला. आतली वायर पत्र्याला लागली, तर करंट पोरांच्या हातातून जाईल.”

माझी धाकटी रोज त्याच पत्र्याला टेकून गाणी ऐकायची! मी गारच पडलो.

मामांनी वायर परत जोडली. दोन्ही यंत्रं वेगवेगळ्या खोल्यांतल्या बोर्डांवर होती. अर्थिंगच्या दोन वाटा नि ऑडिओची वायर मिळून एक फेरा झाला होता. विजेची सेकंदाला ५० आवर्तनं त्यात शिरून घुमत होती. दोन्ही प्लग एकाच बोर्डात लावले, घुमणं थांबलं.

तुम्ही मात्र प्लग उघडू नका हं!