मोजलेली पावले, टाकलेली पावले

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ सालचे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० सालचे. दोन्हींच्या भोवतालचा मुलूख यंत्रकामात मुरलेला आहे. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली. पुढे कुपवाडला आणि साताऱ्याला एमआयडीसी आल्या. अशा मुलखात शिकणाऱ्या मुलांचे स्टेपर मोटरचे प्रॅक्टिकल मोटर फिरली की संपू नये, असे मला आग्रहाने वाटते. सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम जे मोजतो आणि मोटर जे करते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्याच टेबलावर दिसले पाहिजे.

प्रयोग दिसायला सोपा आहे. ८०५१ सारख्या मायक्रोकंट्रोलरच्या चार पिना, मोटरच्या चार कॉइल, आणि पिनेचा प्रवाह कॉइलला पुरत नाही म्हणून मध्ये यूएलएन२००३ ही ड्रायव्हर चिप. चार आकड्यांचा ॲरे करायचा, लूपमध्ये एकेक आकडा पोर्टवर टाकायचा, दोन आकड्यांमध्ये थोडे थांबायचे. दर पावलाला १.८ अंश फिरणारी मोटर २०० पावलांत एक फेरा पुरा करते. दर पावलाला ५ मिलिसेकंद थांबले तर सेकंदाला एक फेरा होतो. इथवर बहुतेकांचे नीट जमते. आता थांबण्याचा वेळ एकदम १ मिलिसेकंद करून पाहा. हिशेबाने मिनिटाला ३०० फेरे व्हायला हवेत, पण मोटर बऱ्याचदा जागच्या जागी घरघरत राहते. रोटरला जडत्व असते, तो थांबलेल्या अवस्थेतून एकदम त्या वेगाला पोचू शकत नाही. शिवाय कॉइलमध्ये प्रवाह चढायला वेळ लागतो आणि तो चढायच्या आतच पुढच्या कॉइलची पाळी येते. प्रोग्रामला यातले काही कळत नाही. त्याचा काउंटर शून्यावरून २०० वर जातो आणि फेरा पूर्ण झाला असे धरून पुढची ओळ चालू होते. लेथवरच्या कारागिराच्या हाताला हँडल जड लागले की लगेच समजते; सी मधल्या इंटिजरला तशी जाणीव देण्याची सोय या जोडणीतच नाही.

यावर कोणी म्हणेल, हा सगळा खटाटोप कशाला? तयार लायब्ररी आहेत, त्या वेग हळूहळू चढवतात आणि हळूहळू उतरवतात. खरे आहे, आणि नोकरीत त्या जरूर वापराव्यात. पण लायब्ररी सांगते तो आकडाही दिलेल्या आज्ञांचाच असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. थ्रीडी प्रिंटर जगभर अशाच मोटरींवर, शाफ्ट खरोखर किती फिरला हे मोजणारा एन्कोडर न लावता, तासन्‌तास अचूक चालतात. मग काळजी कसली? त्यांची मोटर कामाच्या भारापेक्षा बरीच ताकदवान निवडलेली असते आणि सुरुवातीला यंत्र लिमिट स्विचला टेकून आपली शून्य जागा ठरवते, म्हणून ते चालतात. हा निवाडा कुणीतरी आधी केलेला असतो. कारखान्यात सर्व्हो आणि एन्कोडर असतातच, हाही मुद्दा इथेच येऊन मिळतो: एन्कोडरचे जादा पैसे कुठे मोजायचे आणि कुठे वाचवायचे, हे भाराखाली पाऊल चुकताना ज्याने पाहिले आहे त्याला अधिक नेमके ठरवता येईल. सिम्युलेशनच्या पडद्यावर ते सहसा दिसत नाही, कारण तिथल्या शाफ्टवर खरे वजन लटकत नसते.

अभ्यासक्रमात वेळ कमी असतो, हे मान्य. पण वाढवायचे ते थोडेच आहे. शाफ्टवर पेनाने खूण करायची, दोरा गुंडाळून वजन टांगायचे, दहा फेरे पुढे आणि दहा मागे अशी आज्ञा द्यायची. मग वजन वाढवत, थांबण्याचा वेळ कमी करत पाहायचे की खूण जागेवर परत येते का. नाही आली तर कोनमापक लावावा. पूर्ण पावलांनी चालवलेल्या १.८ अंशांच्या मोटरीत फरक साधारण ७.२ अंशांच्या पटीत निघतो, कारण चार कॉइलचा क्रम चार पावलांनी पुन्हा पहिल्यावर येतो आणि घसरलेला रोटर तशाच जुळणाऱ्या जागी जाऊन बसतो. तेव्हाही काउंटर मात्र शून्यच दाखवत असतो. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिलेले असावेत, आणि गुण त्यांच्यातल्या फरकाचे कारण मांडण्याला मिळावेत.