पायाचा ठसा

दिवाळीच्या सुट्टीत वस्तीतल्या दहा-बारा मुलांना घेऊन कोल्हापूरहून मालवणला गेलो. बऱ्याच जणांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. होडीने सिंधुदुर्गावर उतरताना नाखवा ओरडला, "सांभाळून रे झिला, पाय घसरतलो!" १६६४ साली बांधायला घेतलेला हा किल्ला १६६७ साली पुरा झाला. दरवाजाजवळ शिवरायांच्या हाताचा व पायाचा ठसा चुन्यात जपलेला आहे. मुले तिथे बराच वेळ थांबली.

दुसऱ्या दिवशी कुडाळमार्गे शिवापूर गाठून मनोहरगड चढलो. माझा मुलगा नववीत. त्याला नवे बूट घेतले होते, पण एक नंबर मोठे. दोन वर्षे पुरतील, हा आपल्या घरातला हिशोब. उतरताना तो मागे पडू लागला. विचारले तर म्हणाला, "बाबा, चालतंय." पायथ्याशी मोजे काढले, तेव्हा टाचेला फोड आणि अंगठ्याचे नख काळेनिळे! सैल बुटात पाय पुढे सरकून बोटे टोकावर आपटत होती. तो बोलला नाही, कारण बुटाची किंमत त्याला ठाऊक होती. आपली मुले अशीच गप्प राहतात, बंधूभगिनींनो. म्हणून हे लिहितो.

बूट संध्याकाळी घ्यावेत. दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे सुजतात. जे मोजे डोंगरावर घालायचे तेच घालून दुकानात जावे. सुती मोजा घाम धरतो आणि फोड आणतो. लोकरीचा किंवा नायलॉनचा बरा. एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो, त्या पायाला बूट जुळवावा. नाडी न बांधता पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट मावले पाहिजे. मग नाडी बांधून चालावे. टाच उचलता कामा नये. दुकानात पायरी असेल तर उतरून बघावे. बोटे पुढे टेकली तर तो बूट नको. तळ जिथे आपली बोटे वाकतात तिथेच वाकावा आणि त्याला खोल खाचा असाव्यात. कोकणचा जांभा खरखरीत, पण त्याच्या भोकांत ओल मुरते आणि शेवाळ धरते. ओल्या शेवाळावर महागडा बूटही घसरतो. तिथे बैठे पाऊल टाकावे, घाई करू नये.

नवे बूट थेट गडावर नेऊ नयेत. आठ-पंधरा दिवस बाजाराला, शाळेला घालावेत. निघण्यापूर्वी नखे कापावीत. टाच चुरचुरू लागली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावावी. खाऱ्या पाण्यात भिजलेले बूट गोड्या पाण्याने धुवावेत, आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवावेत. चुलीजवळ ठेवले तर चिकटवण सुटते.

माझ्या आजोबांना गावच्या रस्त्याने जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. नातवाला बूट मिळाले, पण ते त्याच्या पायाचे नव्हते.

घरी आल्यावर जुन्या वर्तमानपत्रावर मुलाला उभे केले. पेन्सिलीने दोन्ही पावलांची रेघ ओढली. तो हसला, "बाबा, हा माझा ठसा." तो कागद घडी करून खिशात घातला आहे. पगार झाला की संध्याकाळी दोघे मिळून दुकानात जाणार आहोत.